खनिज शोधण्यासाठी पाडलेली भोकं: शोध संपल्यावर ती बुजवतात कशी, आणि न बुजवल्यास काय होतं?

गावाबाहेरच्या माळावर किंवा जंगलाच्या कडेला एक दिवस ट्रकवर बसवलेली रिग येते. आठ-पंधरा दिवस मशीनची घरघर चालते, लांबट पेट्यांमध्ये दगडाचे गोल तुकडे भरले जातात आणि मग सगळा ताफा निघून जातो. मागे राहतो तो चिखलाचा खड्डा, चाकोऱ्या पडलेली वाट आणि जमिनीत शेकडो फूट खोल गेलेलं एक भोक.

हे भोक दिसायला हाताच्या पंजाएवढंही रुंद नसतं, म्हणून त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण जमिनीखालचे जे थर लाखो वर्षं एकमेकांपासून वेगळे होते, त्यांना ते एका सरळ नळीने जोडून ठेवतं. म्हणूनच भोक नीट बुजवणं आणि वरची जमीन पूर्ववत करणं हा खनिज शोधाच्या कामाचाच भाग मानला जातो. भारतात महत्त्वाच्या खनिजांचा शोध सध्या वेगाने वाढत असल्यामुळे हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

थोडक्यात

- खनिज शोधासाठी पाडलेल्या बहुतेक भोकांच्या जागी पुढे खाण होत नाही. पण भोकं मात्र राहतात.
- उघडं भोक वरचं आणि खालचं पाणी एकत्र करतं. त्यामुळे विहिरी आटू शकतात किंवा पाणी खराब होऊ शकतं.
- बुजवायचं म्हणजे वरून माती लोटायची नाही. तळापासून वरपर्यंत सिमेंट किंवा बेंटोनाइट भरायचं असतं.
- एका भोकासाठी लागणारा माल फार नसतो. वर्षांनंतर ते भोक शोधून बुजवायला मात्र खूप कष्ट आणि पैसा लागतो.

शोध म्हणजे खाण नव्हे

जमिनीखाली काय आहे हे नकाशे, विमानातून केलेली मोजणी आणि माती-दगडाचे नमुने यांवरून अंदाजाने कळतं. खात्री करायची तर ड्रिलिंगच करावं लागतं. हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट खडक गोल कापत खाली जातं आणि मधला दांडा अखंड वर काढला जातो. या दांड्याला ‘कोअर’ म्हणतात. तो पेटीत क्रमाने ठेवून किती मीटरवर कोणता खडक लागला, त्यात धातू किती आहे, हे तपासतात.

भारतात शोधाचे चार टप्पे मानतात. जी-४ म्हणजे अगदी प्राथमिक पाहणी आणि जी-१ म्हणजे तपशीलवार शोध. टप्पा पुढे जाईल तशी दोन भोकांमधली अंतरं कमी होत जातात, म्हणजेच भोकांची संख्या वाढते. पहिल्या टप्प्यांत पाहिलेल्या बहुतेक जागा पुढे सोडून दिल्या जातात, कारण खनिज कमी असतं, फार खोल असतं किंवा काढणं परवडत नाही.

इथेच खरी अडचण आहे. खाण झाली तर तिथे कंपनी असते, कार्यालय असतं, तपासणीला येणारे अधिकारी असतात. शोध फसला तर सगळे निघून जातात आणि त्या भोकाची आठवण फक्त कागदावर उरते. कधी कधी तीही उरत नाही.

भोक उघडं राहिलं तर काय बिघडतं?

जमिनीखाली पाणी एकाच तळ्यासारखं साठलेलं नसतं. पाणी धरणारे थर आणि पाणी अडवणारे थर एकावर एक असतात. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात हे चांगलं दिसतं. तिथे अनेक ठिकाणी वर कामठी वालुकाश्म असतो, ज्यात पाणी चांगलं मिळतं, आणि त्याखाली कोळसा असलेला बराकर थर. कोळशापर्यंत जाणारं भोक अर्थातच वरच्या पाण्याच्या थरातून जातं.

असं भोक उघडं राहिलं तर पुढच्या गोष्टी घडू शकतात.

*वरचं पाणी खाली उतरतं.* खालच्या थरातल्या पाण्याचा दाब कमी असेल, तर वरच्या थरातलं पाणी भोकातून खाली झिरपत राहतं. मिनिटाला १० लिटर म्हणजे बारीक धारेचा एखादा नळ. पण ती धार वर्षभर थांबली नाही तर ५२ लाख लिटरहून जास्त पाणी निघून जातं. आसपासच्या उथळ विहिरींना त्याचा फटका बसू शकतो, आणि पाणी जमिनीखाली वाहत असल्यामुळे ते कुणाला दिसतही नाही.

*खालचं पाणी वर येतं.* दाब उलटा असेल तर खारं, फ्लोराइडचं किंवा धातूंचं प्रमाण जास्त असलेलं खोल पाणी वरच्या गोड्या पाण्यात मिसळतं. दाब फारच असेल तर भोकातून पाणी आपोआप जमिनीवर वाहू लागतं. अशा भोकाला आर्टेशियन म्हणतात आणि ते बुजवणं सर्वांत अवघड असतं.

*वरची घाण थेट आत जाते.* एरवी पावसाचं पाणी मातीतून गाळत गाळत खाली जातं. उघड्या भोकातून शेण, खत, फवारणीचं औषध, डिझेल असं सगळं न गाळता थेट भूजलात पोहोचतं.

*खाणीला धोका होतो.* पुढे त्याच भागात भूमिगत खाण झाली आणि खोदकाम जुन्या भोकाला जाऊन भिडलं, तर वरच्या थरातलं पाणी किंवा वायू खाणीत येऊ शकतो. म्हणूनच खाणीच्या नकाशांवर प्रत्येक बोअरहोल आणि त्याची खोली दाखवावी लागते.

*जनावरं अडकतात.* भोक लहान असलं तरी त्याचं तोंड पावसाने खचून रुंद होतं. गुरांचे पाय त्यात अडकतात. सरडे, पाली, बेडूक, लहान साप असे जीव आत पडतात आणि गुळगुळीत नळीतून वर येऊ शकत नाहीत.

चुकलेल्या भोकांच्या दोन गोष्टी

पुढच्या दोन्ही घटनांतली भोकं खनिज शोधासाठी पाडलेली नव्हती. एक तेलाच्या शोधासाठी होतं, दुसरी जमिनीतली उष्णता वापरण्यासाठी होती. पण दोन थर नळीने जोडले गेले की काय होतं, हे त्यांच्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

पहिली घटना अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली, २० नोव्हेंबर १९८० ची. पेन्यूर नावाच्या उथळ तळ्यात तेलासाठी ड्रिलिंग चालू होतं आणि तळ्याखाली मिठाची चालू खाण होती. सुमारे ३५ सेंटीमीटर रुंदीचं बिट खाणीच्या पोकळीत घुसलं. त्या भोकातून तळ्याचं पाणी खाली जाऊ लागलं. मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे भोक पाहता पाहता मोठं होत गेलं. ड्रिलिंगचा मचाण, ११ मोठे तराफे, काठावरची झाडं आणि जमीन भोवऱ्यात ओढली गेली. समुद्राकडे वाहणारा कालवा उलटा वाहून तळ्यात पडू लागला. खाणीतले ५५ कामगार वेळेत वर आले, त्यामुळे माणूस एकही दगावला नाही. खाण मात्र कायमची गेली आणि गोड्या पाण्याचं तळं खारं झालं.

दुसरी घटना जर्मनीतल्या श्टाउफेन या जुन्या गावातली. नगरपालिकेची इमारत जमिनीतल्या उष्णतेने गरम ठेवण्यासाठी २००७ मध्ये तिथे सुमारे १४० मीटर खोल सात भोकं पाडली. त्यांतल्या नळ्यांभोवतीचं सिमेंट सगळीकडे नीट बसलं नाही. खालचं दाबाखालचं पाणी वर चढून अ‍ॅनहायड्राइट नावाच्या कोरड्या खनिजाच्या थरात शिरलं. हे खनिज पाणी शोषून जिप्सम बनतं, आणि तसं होताना त्याचं आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. परिणामी गावाखालची जमीन फुगू लागली. सुरुवातीला काही ठिकाणी ती महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वर येत होती. अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. नंतर भूजल उपसून आणि भोकांभोवती पुन्हा सिमेंट भरून हा वेग बराच कमी करण्यात आला.

पहिल्या घटनेत खाली काय आहे याचा अंदाज चुकला, दुसऱ्यात सील कच्चं राहिलं. दोन्हीकडे भोक थोड्या दिवसांत पाडलं गेलं आणि निस्तरायला वर्षं लागली.

जुन्या भोकांचं ओझं: साउथ डकोटाचं उदाहरण

खनिज शोधाच्या भोकांवरून सुरू झालेला एक मोठा वाद अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, ब्लॅक हिल्सच्या नैर्ऋत्य कडेला आहे. तिथल्या ड्यूई-बर्डॉक भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरेनियमच्या शोधासाठी हजारो भोकं पाडली गेली. त्या काळात बुजवण्याचे नियम आजच्याइतके काटेकोर नव्हते आणि प्रत्येक भोकाची नोंदही चांगली ठेवली गेली नाही.

पुढे तिथे युरेनियम विरघळवून काढण्याचा प्रकल्प आला. या पद्धतीत खोदकाम करत नाहीत. ऑक्सिजन मिसळलेलं पाणी जमिनीत सोडून युरेनियम विरघळवतात आणि ते पाणी दुसऱ्या विहिरींतून वर खेचतात. हे सुरक्षित राहण्यासाठी पाणी ठरलेल्या थरातच राहायला हवं. तिथे फॉल रिव्हर आणि चिल्सन हे पाण्याचे दोन थर आहेत आणि त्यांच्यामध्ये पाणी अडवणारा फ्यूसन थर आहे. पण त्या अडवणाऱ्या थरालाच जुन्या भोकांनी ठिकठिकाणी छेदलेलं असेल तर काय, हा प्रश्न ओग्लाला सू या आदिवासी समाजाने सुनावणीत लावून धरला.

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २०१४ मध्ये प्रकल्पाला परवाना दिला. त्यात अशी अट आहे की, कोणत्याही विहीर-क्षेत्राच्या चाचण्या सुरू करण्याआधी त्या क्षेत्रातली जुनी भोकं शोधून नीट बंद करण्याचा प्रयत्न कंपनीने करावा. म्हणजे एका पिढीने उघडी टाकलेली भोकं शोधण्याचं काम दुसऱ्या पिढीवर आलं. गवत वाढलेल्या माळावर काही सेंटीमीटरचं भोक पन्नास वर्षांनी शोधणं किती कठीण आहे, याची कल्पना करता येते.

बुजवतात कसं?

भोक बंद करण्याची पद्धत खडक, पाणी आणि स्थानिक नियमांप्रमाणे बदलते. पण मुख्य पायऱ्या सगळीकडे सारख्याच असतात.

१. आधी नोंद पाहणं. भोक किती खोल आहे, पाणी कोणत्या खोलीवर लागलं, कुठे पोकळी किंवा भेग होती, हे ड्रिलिंगच्या रोजच्या नोंदवहीत असतं. सील नेमकं कुठे बसवायचं हे त्यावरूनच ठरतं.

२. भोक साफ करणं. आत अडकलेली अवजारं, तुटलेले रॉड, ढासळलेला गाळ काढतात. शक्य असेल तर केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा धरून ठेवणारी नळीही काढतात. ती तशीच राहिली तर नळीच्या बाहेरच्या फटीतून पाणी वाहत राहण्याची शक्यता असते.

३. तळापासून भरणं. ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. पाइप किंवा ड्रिलचे रॉडच तळापर्यंत सोडतात आणि त्यांतून सिमेंटचं पातळ मिश्रण पंपाने खाली ढकलतात. मिश्रण खालून वर चढत येतं आणि आतलं पाणी बाहेर फेकतं. पाइप हळूहळू वर घेतात, पण त्याचं टोक मिश्रणात बुडालेलंच ठेवतात. वरूनच ओतलं तर मिश्रण पाण्यात फुटून पातळ होतं किंवा मध्येच अडकतं. मग वर बूच घट्ट दिसतं आणि खाली नळी रिकामीच राहते.

४. योग्य माल निवडणं. सिमेंट कडक आणि मजबूत असतं, पण सुकताना थोडं आकसतं. बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती आहे. भारतात ती मुख्यतः कच्छ आणि राजस्थानात सापडते. पाणी लागताच ती फुगून फटी भरते आणि जमीन थोडी हलली तरी तडकत नाही. मात्र ती ओली राहायला हवी. पूर्ण कोरड्या किंवा फार खाऱ्या जागी तिचा उपयोग कमी होतो. म्हणून काही ठिकाणी दोन्हींचं मिश्रण वापरतात.

५. थोडं थांबून पुन्हा पाहणं. भरलेलं मिश्रण एक-दोन दिवसांत खाली बसतं. ते बसल्यावर पातळी मोजून वरून पुन्हा भरतात. घाईत असलेले लोक नेमकी हीच पायरी सोडतात.

६. तोंड बंद करणं. वर आलेली नळी जमिनीच्या पातळीखाली कापतात. शेतजमीन असेल तर नांगराचा फाळ लागणार नाही इतकी खाली. त्यावर काँक्रीटचं झाकण आणि वर माती. भोकाचा क्रमांक आणि अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवतात.

सगळीच भोकं इतकी सरळ नसतात. चंद्रपूर-यवतमाळकडच्या चुनखडीसारख्या खडकात पोकळ्या असू शकतात, आणि अशा पोकळ्यांत सिमेंट ओतत राहिलं तरी ते कुठे जातं ते कळत नाही. तिथे आधी खडी किंवा खास बूच अडकवून पोकळी वेगळी करतात आणि मग वर सील करतात. आपोआप वाहणाऱ्या भोकात पाण्याच्या दाबाला पुरून उरेल इतकं जड मिश्रण लागतं. ते घट्ट होईपर्यंत पाणी अडवून धरणारं फुगणारं बूच बसवावं लागतं.

एका भोकाचा हिशेब

खनिज शोधात ‘एचक्यू’ या मापाचं भोक नेहमीचं आहे. त्याचा व्यास सुमारे ९६ मिलिमीटर असतो. असं २०० मीटर खोल भोक भरायला किती माल लागेल?

नळीचं आकारमान काढलं तर ते साधारण १.४५ घनमीटर, म्हणजे १,४५० लिटर येतं. पाणी टाकायची साधारण सव्वासात पिंपं झाली. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यात सुमारे २३ लिटर पाणी घातलं की ३९ लिटरच्या आसपास मिश्रण होतं. या हिशेबाने ३५ ते ४० पोती सिमेंट लागेल. भेगांमध्ये काही माल जाईल, म्हणून थोडं जास्त धरावं लागतं. एक ट्रॅक्टर-ट्रॉली भरून सिमेंट, एक पंप आणि एक-दोन दिवसांचं काम, एवढा हा खर्च. रिग जागेवर उभी असताना तो ड्रिलिंगच्या खर्चापुढे किरकोळ ठरतो. रिग निघून गेल्यावर तेच काम करायचं तर सगळा ताफा परत आणावा लागतो.

जमीन पूर्ववत करणं

भोक बुजलं की निम्मं काम झालं. रिग उभी करायला सपाट जागा केलेली असते, ड्रिलिंगच्या चिखलासाठी खड्डा खणलेला असतो, यंत्रं न्यायला कच्चा रस्ता पाडलेला असतो. जमिनीचं नुकसान बहुतेक वेळा भोकापेक्षा या गोष्टींनी जास्त होतं.

चांगल्या पद्धतीत सुरुवात काम सुरू होण्याआधीच होते. वरची काळी, सुपीक माती आधी खरवडून वेगळी रचून ठेवतात. गवताचं बी, मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव याच थरात असतात. ती मुरुमात किंवा चिखलात मिसळली तर परत वेगळी करता येत नाही.

काम संपल्यावर चिखलाचा खड्डा आधी सुकू देतात. त्यातला गाळ साधा असेल तर खड्डा भरून टाकतात. युरेनियम किंवा गंधकयुक्त खनिजांचा चुरा असेल, तेल सांडलेलं असेल, तर तो गाळ वेगळा उचलून सुरक्षित जागी न्यावा लागतो. गंधकयुक्त चुरा उघड्यावर पाऊस-हवेत राहिला तर त्यातून आम्ल तयार होतं. प्लास्टिकचे अस्तर, नमुन्यांच्या पिशव्या, खुंट्या, रंगीत फिती हे सगळं उचलणंही या कामातच येतं.

त्यानंतर यंत्रांच्या वजनाने दाबली गेलेली जमीन उताराला आडवी नांगरून मोकळी करतात. ती तशीच दडपलेली राहिली तर पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. मग जपून ठेवलेली वरची माती परत पसरतात. उतारावरच्या रस्त्याला आडवे छोटे बांध घालतात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चाकोरीची घळ होते. महाराष्ट्रात हे सगळं जूनच्या आधी उरकणं चांगलं, म्हणजे पहिल्या पावसाचा फायदा मिळतो.

बी त्याच भागातलं असावं. बाहेरून आलेल्या वाहनांच्या चाकांबरोबर गाजर गवतासारखं तण येतं आणि मोकळ्या मातीत आधी तेच फोफावतं. म्हणून काही ठिकाणी यंत्रं जागेवर आणण्याआधी धुवून घेण्याची अट असते. कोकणातल्या सड्यांसारख्या जागी तर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यावरच पावसाळी फुलांची सगळी दुनिया उभी असते. तो एकदा खरवडला तर परत आणणं जवळजवळ अशक्य असतं. अशा ठिकाणी मुळात रस्ताच न करणं हाच उपाय. सुट्या भागांत वाहून नेता येणारी छोटी रिग वापरता येते, किंवा एकाच जागेवरून वेगवेगळ्या कोनांत तिरकी भोकं पाडता येतात.

काम झालं की नाही हे लगेच कळत नाही. जमीन खचली का, घळ पडली का, झाडोरा आला का, हे पाहायला निदान दोन पावसाळे जावे लागतात.

कायदा काय सांगतो?

भारतात ही जबाबदारी नवी नाही. खनिज सवलत नियम, १९६० मध्ये शोध परवाना घेणाऱ्यावर अट होती की, परवाना संपल्यापासून किंवा शोध सोडून दिल्यापासून, जे आधी असेल त्यापासून सहा महिन्यांच्या आत सर्व बोअर पक्के बुजवावेत आणि खड्डे भरावेत किंवा त्यांना कुंपण घालावं. ज्या जमिनीवर पुढे खाणपट्टा मिळाला ती जमीन याला अपवाद होती. २०१६ मध्ये या नियमांच्या जागी नवे नियम आले. त्यामुळे एखाद्या कामाला आज नेमक्या कोणत्या अटी लागू आहेत, हे त्या परवान्याच्या कागदात पाहावं लागतं.

जमीनमालकाच्या नुकसानभरपाईची तरतूद खाण आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ मध्येच आहे. जमिनीखालच्या खनिजाच्या शोधाचा परवाना मिळाला म्हणून वरच्या पिकाचं, विहिरीचं नुकसान फुकट करता येत नाही.

जंगलाच्या बाबतीत २०२३ च्या दुरुस्तीनंतर, पाहणी आणि शोधाची कामं ‘वनेतर वापर’ मानू नयेत असं केंद्र सरकार अटी घालून ठरवू शकतं. अशा वेळी त्या अटींचं पालन होतं की नाही, यावरच सगळं अवलंबून राहतं. या प्रश्नावर लोक किती संवेदनशील आहेत हे २०१९ मध्ये तेलंगणात दिसलं. अमराबाद व्याघ्र प्रकल्पात ८३ चौरस किलोमीटरवर युरेनियम शोधासाठी सुमारे ४,००० भोकं पाडण्याचा प्रस्ताव होता. नल्लमला जंगलासाठी मोठं आंदोलन झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याच्या विधानसभेने विरोधात ठराव केला.

इतर देशांत काही ठिकाणी वेळ आणि पैसा दोन्ही आधीच बांधून घेतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात शोधासाठी खणलेले खड्डे, रस्ते, ड्रिलिंगच्या जागा सहा महिन्यांत पूर्ववत करण्याची अट सर्रास घातली जाते. अमेरिकेत केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर ५ एकरांपर्यंत जमीन बिघडवणारं शोधकाम नुसती सूचना देऊन करता येतं. पण जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाइतकी आर्थिक हमी आधी द्यावी लागते. कंपनी बुडाली किंवा पळाली तरी त्या पैशातून काम करून घेता येतं.

पडक्या बोअरवेलशी गल्लत नको

उघड्या बोअरवेलमध्ये मुलं पडल्याच्या बातम्यांमुळे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. बोअर पाडण्याआधी १५ दिवस लेखी कळवणं, काम चालू असताना काटेरी तारेचं कुंपण, नळीभोवती सिमेंटचा कट्टा, तोंडावर घट्ट झाकण, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड-गोट्यांनी भरणं, अशा त्या सूचना आहेत.

हे आदेश पाण्याच्या बोअरवेल आणि ट्यूबवेलसाठी आहेत. शेतातली बोअर साधारण साडेसहा इंच रुंद असते, तर खनिज शोधाचं भोक बहुधा त्याहून अरुंद. त्यामुळे मूल पडण्याचा धोका कमी, पण ती अनेकदा जास्त खोल असतात आणि एकाच भागात डझनांनी असतात. माणूस पडू नये म्हणून वाळू-दगडांनी भरलेलं भोक पाण्याच्या दृष्टीने बंद झालेलं असेलच असं नाही, कारण वाळूतून पाणी वाहतंच. पाणी अडवायचं तर सिमेंट किंवा बेंटोनाइटच हवं.

गावात शोधकाम आलं तर काय विचारावं?

राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे २०३०-३१ पर्यंत १,२०० शोध प्रकल्पांचं काम आहे. सरकारी संस्थांबरोबर खासगी कंपन्याही आता शोधात उतरल्या आहेत. नागपुरात भारतीय खाण ब्युरो, मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड म्हणजे एमईसीएल आणि राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, या तिन्हींची मुख्य कार्यालयं आहेत, त्यामुळे विदर्भातल्या गावांना माहिती मागायला फार लांब जावं लागत नाही.

ग्रामपंचायत किंवा जमीनमालक पुढच्या गोष्टी लेखी मागू शकतात.

- कामाची परवानगी कोणाची आहे आणि त्यातल्या अटी काय आहेत, याची प्रत.
- प्रत्येक भोकाचा क्रमांक, जागा, खोली आणि पाणी कोणत्या खोलीवर लागलं याची नोंद.
- काम सुरू होण्याआधी जवळच्या विहिरींची पाणीपातळी आणि पाण्याची तपासणी. हे केलेलं नसेल तर नंतर ‘पाणी आधी असंच होतं’ या म्हणण्याला उत्तर देता येत नाही.
- कोणत्या मालाने, किती पोती वापरून, कोणत्या तारखेला भोक बुजवलं याची नोंद आणि फोटो.
- काम संपल्यावर आणि पुढच्या पावसाळ्यानंतर गावकऱ्यांसोबत एकत्र पाहणी.

सरकारी संस्था काम करत असेल तर हे कागद माहितीच्या अधिकारातही मागता येतात.

नेहमी पडणारे प्रश्न

*भोक लगेच बुजवावंच लागतं का?* नेहमी नाही. काही भोकं पाणीपातळी मोजण्यासाठी मुद्दाम ठेवतात. पण त्यांना कुलूपबंद झाकण आणि वरच्या भागात सील असायला हवं. ती कोणाच्या ताब्यात आहेत हेही ठरलेलं असावं.

*त्या भोकात पंप टाकून पाणी वापरता येईल का?* परस्पर नाही. ते भोक पाण्यासाठी तयार केलेलं नसतं. त्यात कोणकोणत्या थरांचं पाणी एकत्र येतं हे तपासल्याशिवाय ते पिणं धोक्याचं ठरू शकतं.

*शेतात जुनं उघडं भोक सापडलं तर?* त्यात दगड-माती किंवा कचरा टाकू नये. मध्येच अडकलेला दगड पुढे नीट बुजवण्याच्या कामात मोठा अडथळा होतो. तोंडावर जड झाकण ठेवावं, भोवती कुंपण करावं, आगीपासून लांब राहावं, कारण कोळशाच्या पट्ट्यात अशा भोकातून मिथेन येऊ शकतो. नंतर तलाठी, ग्रामपंचायत आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याला जागेच्या फोटोसह लेखी कळवावं.

*बुजवलेलं भोक कायमचं सुरक्षित असतं का?* तळापासून भरलेलं, बसल्यावर पुन्हा भरलेलं आणि नोंद असलेलं भोक दीर्घकाळ टिकतं. पुढे तिथे खाण, बोगदा किंवा तलाव होणार असेल तर त्याची नोंदच सर्वांत उपयोगी पडते. भोक कुठे आहे हे माहीत असेल तर ते तपासता येतं आणि गरज पडल्यास पुन्हा भरता येतं.